हरकतीची मुदत

(दहावीच्या १९८४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये, आगाशी इथे केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी उतरवून काढताना बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू वकील आहेस, काहीतरी उपयोगाचं बोल. वीस मिनिटं आहेत, नंतर जेवण आहे." मी विचारलं, विषय कोणता घेऊ? "पाणी घे, घरपट्टी घे, सोसायटीची भांडणं घे. फक्त ते गावांचं नको."

हसताय, म्हणजे बहुतेकांना कळलं. जे पुण्याहून, नाशिकहून आले आहेत आणि एक मैत्रीण तर मस्कतहून आली आहे, त्यांच्यासाठी सांगते. या वर्षाच्या सुरुवातीला एका रात्री आपल्या ग्रुपवर सत्तरेक मेसेज आले. एकोणतीस गावं महापालिकेतच ठेवायची, अशी बातमी आली होती. आपल्यातला एक जण विरार पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहतो. त्याने लिहिलं, "रस्ता शहराचा पाहिजे, दिवा शहराचा पाहिजे, घरपट्टी मात्र गावाची." दुसऱ्याची इथे आगाशीत वाडी आहे. त्याने लिहिलं, "शहराला आम्ही बोलवायला गेलो नव्हतो." त्यानंतर जे लिहिलं गेलं ते मी वाचत नाही, बाई बसल्या आहेत. सकाळी अ‍ॅडमिनने नियम काढला, ग्रुपवर राजकारण नको. त्याच दिवशी ते दोघेही ग्रुपमधून बाहेर पडले. त्यांतला एक आज इथे आला आहे. दुसरा इथून दहा मिनिटांवर राहतो आणि आलेला नाही.

म्हणून मी नेमका तोच विषय घेणार आहे. संयोजकांनी रागवू नये. माझं म्हणणं असं आहे, की हे नागरिकशास्त्र आहे आणि ते आपल्याला याच शाळेत शिकवलेलं आहे.

आठवतंय ना? इतिहासाच्या अभ्यासाला जोडून नागरिकशास्त्र असायचं आणि वार्षिक परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात ते उरकलं जायचं. आपल्या सरांनी मात्र एकदा आपल्याला ग्रामसभेला नेलं होतं. आपण मागे भिंतीला टेकून उभे होतो. निम्म्यांचं लक्ष बाहेर होतं. तेव्हा विरार स्टेशनला केळी विकायला जाणाऱ्या एक बाई उठल्या. तलावाकडच्या रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद आहे, दिवाबत्तीचे पैसे कुठे गेले, असं त्यांनी विचारलं. पुढे बसलेले लोक चिडले, कोणीतरी "बस खाली" म्हणालं. त्या बसल्या नाहीत. शेवटी ग्रामसेवकांनी वही उघडली आणि आकडा वाचून दाखवला. परत येताना सरांनी विचारलं, काय शिकलात? कोणीतरी म्हणालं, भांडण. सर म्हणाले, "वही उघडली, ते पाहिलंत का?"

सर, तुम्हाला हे आठवत नसेल. मला चाळीस वर्षांनी आठवतं, कारण माझा सगळा धंदाच त्या वहीवर चालतो.

आता थोडा हिशोब मांडते. आपण दहावी झालो तेव्हा विरारहून आगाशीला यायला एसटीचा लाल डबा होता आणि दोन्ही बाजूंना वाड्या होत्या. केळी, पानवेली, फुलं. राजेळी केळ्यांची सुकेळी घराघरांत वाळत असायची. त्यानंतर चार-सहा वर्षांतच वसई-विरारची जमीन नागरीकरणासाठी मोकळी झाली आणि १९९० मध्ये सिडकोला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. त्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. फादर यंदाच्या जुलैत गेले. तेव्हाची तक्रार साधी होती. गावातल्या विहिरींवर पंप लावून टँकर भरले जात होते आणि शहराकडे जात होते. समुद्र इतका जवळ, गोडं पाणी उपसलं की खारं आत येतं, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

पुढे विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर आणि वसई या चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार निघाली. गावांनी विरोध केला, मोर्चे निघाले, आणि ३१ मे २०११ रोजी राज्य सरकारने २९ गावं महापालिकेतून वगळण्याची अधिसूचना काढली. त्यात आपली आगाशी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, वगळण्याला स्थगिती मिळाली, आणि गावं कागदावर वगळलेली, प्रत्यक्षात महापालिकेत, अशी राहिली. किती वर्षं? २०११ ते २०२४. त्या साली जन्मलेलं मूल आता आपल्या शाळेत आठवीत असेल. आणि यंदा सरकारने उलट पावलं टाकली. २०११ चा निर्णय मागे घेऊन गावं महापालिकेतच ठेवण्याची भूमिका घेतली आणि लोकांकडून हरकती मागवल्या. त्यावर हजारो हरकती गेल्या.

आता त्या रात्रीच्या भांडणाकडे येते. माझं माहेर आगाशी आणि सासर विरार. त्यामुळे मला दोन्हीकडचं खरं वाटतं, आणि दोन्हीकडचे मला फितूर समजतात.

विरारचा आपला मित्र चुकीचं बोलत नव्हता. इथे आग लागली तर बंब शहराचा येतो. वाडीतली मुलं कॉलेजला आणि नोकरीला शहरातच जातात. शिवाय ग्रामपंचायत होती तेव्हा सगळं सोन्यासारखं होतं असं म्हणणाऱ्यांना मी विचारीन, ग्रामपंचायतीच्या नुसत्या दाखल्यावर उभ्या राहिलेल्या चाळी तुम्ही पाहिल्या नाहीत का? वसई तालुक्यात आज ज्या अनधिकृत इमारतींवर कोर्टकचेऱ्या चालू आहेत, त्यांतल्या कितीतरी इमारतींची मुळं त्या काळात आहेत.

आणि वाडीतला आपला मित्रही चुकीचं बोलत नव्हता. त्याच्या दोन गुंठ्यांत बावखल आहे. आपल्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागतो. वाडीत खणलेलं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि विहिरीला गोडं पाणी देतं. शहराच्या नकाशावर ते पाणथळ खड्डा दिसतं आणि खड्डा दिसला की भरावाचा डंपर येतो. २०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी तुंबलं, गाड्या बंद पडल्या, मिठागरातली माणसं अडकली. त्यानंतर कारणं शोधायला नीरी आणि आयआयटी या संस्थांना नेमावं लागलं. वाडीवाल्याला कोणी विचारलं असतं तर एक-दोन कारणं त्याने ओट्यावर बसूनच सांगितली असती.

इथे थांबते आणि स्वतःची एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला सोपी नाही.

महापालिकेचा प्रस्ताव निघाला त्या सुमाराला मी वसईच्या कोर्टात पंधरा वर्षं वकिली केलेली होती. माझे वडील, तुमच्यातले बरेच जण त्यांना अण्णा म्हणायचे, एका रविवारी विरारला माझ्या घरी आले. पिशवीत केळीचा फणा आणि वहीची चार पानं. पानं माझ्या हातात देऊन म्हणाले, "हे नीट कायद्याच्या भाषेत लिहून दे. मुदत आहे म्हणतात." मी पानं न वाचताच म्हटलं, "अण्णा, सरकारचं ठरलेलं असतं. हरकती काय, कपाटात जातात." ते म्हणाले, "जाऊ देत कपाटात. पण आपण दिली होती असं तरी होईल." मी "देते" म्हटलं आणि पानं एका फाईलमध्ये ठेवली. त्यांनी पुढच्या रविवारी एकदा विचारलं, "दिलीस का?" मी म्हटलं, "देते." मग मुदत गेली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ते २०१६ मध्ये गेले. ऑफिस आवरताना ती फाईल निघाली आणि मी पहिल्यांदा ती पानं वाचली. मला वाटलं होतं घरपट्टीबद्दल असेल. घरपट्टीचा शब्दही नव्हता. त्यात बावखलाची मापं होती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यात किती हात असतं ते होतं, पावसाचं पाणी कोणत्या बाजूने कोणाच्या वाडीतून खाडीकडे जातं त्याचा हाताने काढलेला नकाशा होता. आणि शेवटी एकच वाक्य. यापुढे यातलं काही विचारायचं झालं तर कोणाला विचारायचं, ते कळवावं.

मी तीस वर्षांत अनेक अर्ज लिहिले, इतका नेमका अर्ज मला लिहिता आला नाही. आणि तो मी द्यायचा राहिले. माझ्या त्या एका कागदाने महापालिका थांबली नसती, हे मला कळतं. पण त्या पानांवरची माहिती सरकारच्या कोणत्याही फाईलमध्ये आज नाही, आणि ती नसण्याला मी जबाबदार आहे.

अण्णांनी विचारलेला प्रश्न मात्र कायद्याचा आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला मला बरीच वर्षं लागली. ते सोप्या भाषेत सांगते.

१९९२ साली संसदेने दोन घटनादुरुस्त्या केल्या. ७३वी गावांसाठी आणि ७४वी शहरांसाठी. १९९३ पासून दोन्ही लागू झाल्या. गावांच्या भागात ग्रामसभा हा शब्द थेट घटनेत आला. मतदार यादीत ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सदस्य. निवडून यावं लागत नाही, पक्ष लागत नाही. वर्षातून ठरलेल्या सभा झाल्याच पाहिजेत आणि पंचायतीने हिशोब तिथे मांडलाच पाहिजे. शहरांच्या भागात असं काही नाही. तीन लाखांवर वस्ती असेल तर प्रभाग समित्या आहेत, पण त्या मुख्यतः नगरसेवकांच्या. म्हणजे केळी विकणाऱ्या त्या बाई गावात असताना उठून वही उघडायला लावू शकत होत्या. त्याच बाई, त्याच घरात बसून, अधिसूचनेने शहरात गेल्या आणि त्यांचा उठून विचारायचा हक्क गेला. घर हललं नाही, वाडी हलली नाही, सभा गेली.

यावर उपाय म्हणून आपल्या राज्याने २००९ मध्ये, म्हणजे योगायोगाने आपली महापालिका झाली त्याच वर्षी, महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद घातली. प्रभागाचे भाग पाडायचे, त्या भागातल्या मतदारांची सभा घ्यायची, नगरसेवकाने अध्यक्ष व्हायचं, कामांचा अग्रक्रम लोकांनी सांगायचा. ग्रामसभेची धाकटी बहीणच म्हणा. राज्यात बहुतेक शहरांत ती कागदावर राहिली. पुण्यातल्या जागरूक लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आपल्याकडे तर २०२० च्या जूनमध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि तेव्हापासून चार वर्षांहून जास्त काळ प्रशासक आहेत. नगरसेवकच नाहीत, तर क्षेत्रसभेचा अध्यक्ष कोण होणार?

आता विरारच्या मित्राला मी विचारते. तुझ्याकडे ग्रामसभा कधी होती? कधीच नव्हती. तुझ्या सोसायटीला पाणी दिवसाआड येतं, हे उठून कोणासमोर विचारायची जागा तुला कधी मिळाली? वाडीवाल्याची जागा होती ती गेली, तुझी तर नव्हतीच. तुम्ही दोघं त्या रात्री दोन बाजूंना उभे राहून भांडलात, पण दोघांच्या समोरचं दार एकच बंद होतं.

आणि पाण्याचं निघालं म्हणून आणखी एक. सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना ४०३ दशलक्ष लिटरची आहे. त्यातलं १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारचं आणि बाकीचं मिरा-भाईंदरचं. विरारच्या नळाला ते पाणी येतं तेव्हा मलाही आनंद होतो. पण सूर्या धरण मुळात डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीच्या सिंचनासाठी झालं आणि तिथले आदिवासी शेतकरी विचारतात, आमचं पाणी शहराला देताना आम्हाला कोणी विचारलं? तेव्हा आपण आगाशीवाल्यांनी "आम्हाला विचारलं नाही" असं म्हणताना तेवढं लक्षात ठेवायला हवं. कोणाच्या तरी बाबतीत आपणही शहरच आहोत.

मग करायचं काय? सभा नाही, नगरसेवक नाहीत, तर काय उरतं? हरकत उरते. कायदा कितीही बदलला तरी बहुतेक मोठ्या निर्णयांच्या आधी एक खिडकी उघडावीच लागते. हद्द बदलायची असेल तर आधी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. विकास आराखड्याचा मसुदा आला की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे तीस दिवस हरकती-सूचना घ्याव्या लागतात आणि ज्यांनी मागणी केली त्यांना सुनावणी द्यावी लागते. आपल्या भागाचा आधीचा विकास आराखडा २००१ ते २०२१ असा होता. त्याची वर्षं उलटून गेली. नवा आराखडा येईल तेव्हा ते तीस दिवस येतील. कोणाच्या वाडीतून रस्ता जाणार, कोणतं मैदान आरक्षणात राहणार, कोणतं बावखल नकाशावर निळं दिसणार आणि कोणतं पिवळं, हे त्या तीस दिवसांत बोलायचं असतं. एकतिसाव्या दिवशी माझ्याकडे फाईल घेऊन येता तेव्हा मी फी घेऊ शकते, बाकी फार काही करू शकत नाही.

आणि हरकती कपाटात जातात, हे मी अण्णांना म्हटलं होतं, ते अर्धंच खरं होतं. मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ च्या आराखड्याचा मसुदा आला तेव्हा वसईतून हजारो हरकती गेल्या, गठ्ठेच्या गठ्ठे. इतक्या गठ्ठ्यांकडे पाहिलं नाही असं कोणत्याही अधिकाऱ्याला म्हणता येत नाही. एसटीने वसईच्या गावांकडच्या फेऱ्या बंद करायला घेतल्या तेव्हा वसईतल्याच एका विद्यार्थिनीने उच्च न्यायालयात याचिका केली होती. आपण ज्या वयात ग्रामसभेत भिंतीला टेकून बाहेर बघत होतो, त्याच्या जवळपासच्या वयाची मुलगी. कोर्टातही पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की तुम्ही वेळेत लेखी हरकत दिली होती का? पोच आहे का? ज्याच्याकडे शिक्का मारलेली पोच आहे त्याचं म्हणणं ऐकलं जातं. ज्याच्याकडे फक्त राग आहे त्याला बाहेर बाकावर बसावं लागतं.

हरकत लिहायला वकील लागत नाही. माझ्या धंद्याला मारक आहे, तरी सांगते. आपलं नाव, पत्ता, सर्व्हे नंबर किंवा सोसायटीचं नाव लिहा. कोणत्या तारखेच्या सूचनेवर बोलताय ते लिहा. काय चुकतंय आणि त्याऐवजी काय हवं, ते दोन-तीन मुद्द्यांत लिहा. अण्णांसारखा हाताने नकाशा काढलात तर उत्तम. "मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे" हे वाक्य विसरू नका. आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. छापील नमुन्यावर शंभर सह्या चालतात, पण स्वतःच्या शब्दांतला एक कागद जास्त वाचला जातो.

फ्लॅटबद्दलही थोडं सांगते, कारण संयोजकांनी सांगितलेलं एवढं तरी पाळायला हवं. आपल्यातल्या एका मैत्रिणीने निवृत्तीचे पैसे घालून मुलासाठी घर घेतलं. नंतर कळलं, इमारतीला परवानगीच नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा पिशवीतून नोंदणी केलेला करार काढला, लाइटचं बिल काढलं आणि घरपट्टीची पावती काढली. म्हणाली, "महापालिका टॅक्स घेते, मग अनधिकृत कशी?" मला तिला सांगावं लागलं, की घरपट्टी अनधिकृत बांधकामावरही लागते, कायद्यात तिच्यावर शास्ती घ्यायची तरतूद आहे, आणि ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. दस्त नोंदवला म्हणजे इमारत कायदेशीर आहे असंही नाही. नोंदणी कार्यालय दस्त नोंदवतं, इमारतीची परवानगी तपासून देत नाही. तिच्या बाबतीतही प्रश्न तोच होता, विचारायचं ते पैसे देण्याआधी. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत बिल्डरकडून घ्या आणि ती खरी आहे का हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारा. खोट्या सही-शिक्क्यांच्या परवानग्यांची प्रकरणं आपल्याच तालुक्यात पोलिसांपर्यंत गेली आहेत. महारेराचा नंबर तपासा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवस लागतात. आयुष्याची कमाई घालण्याआधी दहा रुपये आणि तीस दिवस जास्त नाहीत. आणि ज्यांच्या इमारतींना तीस वर्षं झाली, म्हणजे आपण नोकरीला लागलो त्या सुमाराच्या विरारच्या जवळपास सगळ्या, त्यांनी संरचनात्मक तपासणी करून घ्या. तो महापालिकेच्या कायद्याप्रमाणे मालकांवरचा नियमच आहे. वर राहणाऱ्यांचा जीव त्यात आहे, हे मी वेगळं सांगायला नको.

यंदा हरकती मागवल्या तेव्हा मी हरकत दिली. अण्णांच्या वाडीत माझाही वाटा आहे, त्या नात्याने दिली. मी काय लिहिलं, आत की बाहेर, असं तुमच्यातले काही जण मला कालपासून विचारताहेत. मी असं लिहिलं, की आगाशीचं काय करायचं हे ठरवण्याआधी आगाशीत सभा घ्या, आणि गाव महापालिकेत राहणार असेल तर क्षेत्रसभा कधी आणि कुठे होणार ते निर्णयातच लिहा. त्याला अण्णांची चार पानं जोडली, नकाशासकट. पंधरा वर्षं उशीर झाला, पण पोच मिळाली. त्यावर शिक्का आहे.

माझं म्हणणं कोणाला पटेल, कोणाला नाही. ज्याला गाव बाहेर हवं त्याने तसं लिहावं, ज्याला आत हवं त्याने तसं. पण लिहावं.

शेवटी एकच मागणी आहे. आपल्या तुकडीत एक जण मंत्रालयातून निवृत्त झाला आहे, एक जण वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो आणि एकीला संगणक चांगला येतो. या तिघांनी आठवड्यातून एकदा महापालिकेच्या सूचना, राजपत्र आणि पेपरातल्या त्या बारीक अक्षरांतल्या चौकटी पाहाव्यात आणि ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात, कसली सूचना, शेवटची तारीख कोणती. मत टाकू नका, फक्त तारीख टाका. हे राजकारणात बसत नाही, अ‍ॅडमिनने कृपया नोंद घ्यावी. दर शनिवारी संध्याकाळी ज्याला हरकत लिहायची आहे त्याने माझ्या माहेरच्या ओट्यावर यावं. चहा मी करीन, लिहायचं तुम्ही. विरारवाल्यांनीही यावं, बावखल कसं असतं ते त्यांना दाखवायचं आहे.

आणि आपला जो मित्र आलेला नाही, त्याला आता जेवणाआधी कोणीतरी फोन करा. कोणीतरी म्हणजे चौथ्या मजल्यावरच्यानेच करावा. तो दहा मिनिटांवर आहे, पंगत बसायला अजून अर्धा तास आहे. एवढी मुदत पुरेशी आहे.

सर, वही उघडली ते आम्ही पाहिलं होतं. तेव्हा कळलं नव्हतं, एवढंच.